छातीत दुखतंय, ईसीजी ठीक आहे: आता हृदयाचा सीटी करायचा का?

छातीत दुखू लागलं की सीटी सेंटरचा नंबर शोधायचा नसतो. सुरुवातीलाच सांगतो, कारण 'हार्ट सीटी पॅकेज'च्या जाहिराती वाचून काही मंडळी दुखणं अंगावर काढत, स्वतः गाडी चालवत थेट तपासणीला पोचतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, ही तपासणी उत्तम आहे, पण तिचा नंबर तिसरा. आधी ईसीजी, मग ट्रोपोनिन ही रक्ततपासणी, आणि या दोघांनी ठाम उत्तर दिलं नाही तर सीटी. क्रम उलटा केला की ज्याला खरंच अ‍ॅटॅक आलाय त्याचा मोलाचा वेळ जातो, आणि ज्याला काही झालेलं नाही त्याच्या अंगात उगाच डाय (वाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडायचं औषध) आणि रेडिएशन जातं.

हा लेख रुग्णांसाठी आणि कॅज्युअल्टीच्या दारात फाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. तालुक्याच्या गावी नुकतेच रुजू झालेले मेडिकल ऑफिसर वाचत असतील तर त्यांच्याही कामाचं यात काही सापडेल.

घरून निघताना

आपल्याकडे छातीतल्या दुखण्याचं पहिलं निदान स्वयंपाकघरात होतं: पित्त. मग ओवा, सोडा, आणि 'जरा पडून राहा, बरं वाटेल'. पित्ताने जळजळ होते हे खरंच, पण हृदयाचं दुखणंही जळजळीचं सोंग घेऊन येतं. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायका यांच्यात तर कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. छातीवर दडपण, आवळल्यासारखी भावना, कळ जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हातात जाणं, दरदरून घाम, यातलं काही असेल आणि विश्रांती घेऊनही थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका.

फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसली आणि पोटात रक्तस्राव झाल्याचा इतिहास नसला तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती माणसाला आडवं करते. आणि दुखणं फाडल्यासारखं, एकदम सुरू होऊन पाठीत गेलेलं असेल, तर अ‍ॅस्पिरिनही नको. ते महाधमनी फाटण्याचं लक्षण असू शकतं आणि त्याची वाट वेगळी आहे.

निघताना दोन गोष्टी हाताशी घ्या: सध्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि जुना ईसीजी. जुन्या ईसीजीचा नुसता मोबाइलमधला फोटो असला तरी चालतो. आजच्या कागदावरचा संशयास्पद बदल नवा आहे की पाच वर्षांपूर्वीही होता, हे कळलं की अर्धी चर्चा तिथेच मिटते.

पहिली पायरी: दहा मिनिटांत ईसीजी

दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो डॉक्टरच्या नजरेखालून जायला हवा, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. केस पेपर, अ‍ॅडव्हान्स वगैरे नंतर. नातेवाईक म्हणून तुम्ही एकच गोष्ट आग्रहाने मागायची असेल तर ही मागा.

ईसीजीत मोठ्या अ‍ॅटॅकची ठळक खूण दिसली, म्हणजे आलेखातला 'एसटी' नावाचा भाग उचललेला दिसला, तर सीटीचा विषय संपला. तिथून रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये (नळी घालून वाहिन्या उघडण्याच्या खोलीत) अँजिओप्लास्टीला जातो, किंवा कॅथलॅब लांब असेल तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. अशा वेळी 'आधी सीटी करून बघू का?' असं कुणी विचारलं तर ठाम नाही म्हणा.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा काढायचा. हृदयाच्या मागच्या भिंतीला झालेला अ‍ॅटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये (ईसीजीच्या बारा कोनांतल्या नोंदींत) नीट दिसत नाही. पाठीवर लीड लावून पाहिलं की तो पकडता येतो, आणि संशय असेल तर नव्या डॉक्टरांनी हे जरूर करावं.

दुसरी पायरी: ट्रोपोनिन, आणि तेही दोनदा

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं. ते उतरायला वेळ लागतो, आणि घोटाळा इथेच होतो. दुखणं सुरू होऊन तासभर झालाय, ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं, 'काही नाही, पित्त आहे' म्हणून घरी पाठवलं, आणि खरा आकडा त्यानंतर चढला, असं होऊ शकतं. म्हणून दुसरा नमुना घ्यायचाच. उच्च संवेदनशील, म्हणजे अगदी थोडी वाढही टिपणाऱ्या, ट्रोपोनिनची सोय असेल तर तो एक ते तीन तासांनी घेतात. जुन्या पद्धतीची तपासणी असेल तर तीन ते सहा तासांनी. दोन आकड्यांमधला फरक हा एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

लहान दवाखान्यांत कार्डावर रक्ताचे थेंब टाकून रेघ उमटते का, हे बघण्याची पद्धत आहे. ती रेघ आली तर उपयोगाची. नाही आली तर तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण थोडी वाढ तिला दिसत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: किडनीचा आजार, फुप्फुसातली गुठळी, हृदयाच्या स्नायूची सूज, मोठा जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढतं.

आकडा स्पष्टपणे वाढलेला आणि लक्षणं हृदयाची असतील तर रुग्ण भरती होतो आणि बहुधा मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून नेहमीची अँजिओग्राफी होते. इथेही सीटीला सहसा काम नसतं.

मधला गट कसा ओळखायचा

आता उरतात ते ज्यांचा ईसीजी ठणठणीत नाही पण भयंकरही नाही, ट्रोपोनिन वाढलेलं नाही, आणि तरीही डॉक्टरच्या मनात शंका आहे. ही शंका मोजायला नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली मांडलेली 'हार्ट' गुणपद्धत सगळीकडे वापरतात. पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण: दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन.

एक उदाहरण करून बघू. ५२ वर्षांचे गृहस्थ. जिना चढताना छातीत दडपण आलं, पण ते हात लावून दाखवतात तिथे दाबलं की थोडं दुखतंही. म्हणजे वर्णन धड इकडे ना तिकडे, एक गुण. ईसीजीत किरकोळ, कशाचीच खात्री न देणारा बदल, एक गुण. वय ४५ ते ६४ मध्ये, एक. मधुमेह आणि सिगारेट, असे दोन घटक, एक. ट्रोपोनिन मर्यादेत, शून्य. बेरीज चार.

शून्य ते तीन म्हणजे कमी धोका: दुसरं ट्रोपोनिनही नॉर्मल असेल तर बहुतेकांना घरी सोडता येतं आणि सीटीची गरज नसते. सात किंवा जास्त म्हणजे भरती. चार ते सहा हा मधला गट, आणि सीटीचा खरा उपयोग याच गटात होतो.

या गणितात तंबाखू चघळणं आणि मिसरी लावणं मोजलं जात नाही, फक्त धूम्रपान. आपल्याकडे 'व्यसन आहे का?' विचारलं की बाई मान हलवून नाही म्हणतात आणि कनवटीला मिसरीची डबी असते. वेगळं, नाव घेऊन विचारावं लागतं. गुण वाढत नसले तरी डॉक्टरचा अंदाज त्याने बदलतो.

सीटीचा फायदा नेमका किती

याबद्दल जाहिरातीत एक चित्र असतं आणि अभ्यासांत दुसरं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत २०१२ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. 'रोमिकॅट-२' मध्ये नऊ रुग्णालयांतले, छातीत दुखतंय म्हणून आलेले, ४० ते ७४ वयाचे १००० रुग्ण होते. ज्यांचा लवकर सीटी केला ते सरासरी साडेसात तास आधी मोकळे झाले. त्यातले ४७ टक्के कॅज्युअल्टीतूनच घरी गेले, तर नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १२ टक्के होतं. दुसऱ्या अभ्यासात १३७० रुग्ण होते. सीटी निगेटिव्ह आलेल्या ६४० जणांपैकी पुढच्या तीस दिवसांत एकही दगावला नाही किंवा कुणाला अ‍ॅटॅक आला नाही. सीटीची ताकद यात दिसते: रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं तो म्हणाला तर त्यावर विसंबता येतं. 'ब्लॉकेज आहे' असं म्हणाला तर मात्र आजचं दुखणं त्याच ब्लॉकेजमुळे आहे का, हे वेगळं ठरवावं लागतं.

पण हे अभ्यास झाले तेव्हा उच्च संवेदनशील ट्रोपोनिन अमेरिकेत वापरात नव्हतं. पुढे ब्रिटनमधल्या ३७ रुग्णालयांत १७४८ रुग्णांवर झालेला 'रॅपिड-सीटीसीए' अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यातले रुग्ण जास्त धोक्याचे होते: आधीचा हृदयविकार, ईसीजीत बदल किंवा वाढलेलं ट्रोपोनिन. वर्षभरात मृत्यू किंवा अ‍ॅटॅक लवकर सीटी झालेल्यांत ५.८ टक्के, नेहमीच्या उपचारांत ६.१ टक्के; म्हणजे फरक नाहीच. नळी घालून करायच्या अँजिओग्राफी थोड्या कमी झाल्या, रुग्णालयातला मुक्काम किंचित वाढला.

म्हणूनच मार्गदर्शक सूचनांमध्येही सूर वेगवेगळा आहे. अमेरिकेच्या २०२१ च्या सूचना मध्यम धोक्याच्या, आधी हृदयविकार नसलेल्या रुग्णांसाठी सीटीची जोरदार शिफारस करतात. युरोपच्या २०२३ च्या सूचना म्हणतात, सरसकट सगळ्यांचा लगेच सीटी करू नका. ट्रोपोनिन नॉर्मल, ईसीजीत बदल नाही, दुखणं परत आलेलं नाही आणि तरी संशय उरला असेल तर विचार करा. माझं मत युरोपच्या बाजूला झुकतं. ट्रोपोनिनची दोन वेळा नीट तपासणी झाली की सीटीची गरज असलेले रुग्ण आपोआप कमी होतात. जिथे दुसरा नमुना घेण्याचा कंटाळा केला जातो तिथेच सीटीच्या चिठ्ठ्या जास्त लिहिल्या जातात.

कुणाला सीटी करू नये

अस्थिर रुग्णाला तर नाहीच: रक्तदाब पडलेला, दम लागलेला, दुखणं चालूच असलेला. सीटीच्या खोलीत माणूस काही मिनिटं एकटा असतो आणि तिथे हृदय थांबलं तर पळापळ होते. दवाखान्यात मशीन नाही म्हणून रुग्णाला रिक्षाने रस्त्यापलीकडच्या सेंटरला धाडणं मला अजिबात मान्य नाही. पाठवायचंच असेल तर मॉनिटर लावून, सोबत प्रशिक्षित माणूस देऊन, अँब्युलन्सने.

बाकी अडचणी अशा: बारीक, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचे स्टेंट आधीच बसवलेले असतील तर धातूच्या चमकेमुळे आतलं दिसत नाही. वाहिन्यांवर कॅल्शियमचा जाड थर असेल तर ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं भासतं. ठोके फारच अनियमित असतील तर चित्र फाटतं. किडनीची क्षमता खूप कमी असेल, म्हणजे ती मोजणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली, तर डायचा विचार दहादा करावा लागतो. गर्भारपणात शक्यतो दुसरा मार्ग शोधतात. आणि गेल्या दोन वर्षांत झालेला सीटी पूर्ण स्वच्छ असेल, तर पुन्हा करून नवं काही हाती लागण्याची शक्यता कमी.

तिसरी पायरी: तयारी

सीटी चांगला येणार की वाया जाणार हे मशीनच्या किमतीपेक्षा इथे ठरतं.

सुईपासून सुरू करू. डाय सेकंदाला पाच मिलिलिटरच्या वेगाने आत जातो. त्यासाठी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हिरवी, १८ नंबरची व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी) लागते. शीर बारीक असेल तर गुलाबी, २० नंबरची. कॅज्युअल्टीत घाईत डाव्या हाताच्या पंजावर निळी लावलेली असते, ती या वेगाला टिकत नाही, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागतं. उजवा हात का? डाव्या हातातून आलेला दाट डाय छातीच्या मध्यावरून आडवा जातो आणि त्याच्या रेघा चित्रात उमटतात. सीटीचा विचार होतोय असं कळलं की सिस्टरांना तेवढं आधी सांगून ठेवा.

मग ठोके. हृदय हलत असताना त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिनीचा फोटो काढायचा, तर दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातच काढावा लागतो. ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणले की हा विसावा पुरेसा लांबतो. त्यासाठी तासभर आधी ठोके संथ करणारी मेटोप्रोलॉलची गोळी देतात, किंवा टेबलावरच शिरेतून थोडं थोडं इंजेक्शन. दमा असेल, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युतसंदेशांचा अडथळा, वाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे) असेल, रक्तदाब कमी असेल तर हे औषध टाळून आयव्हाब्रॅडिनसारखा पर्याय वापरतात. म्हणून दम्याचा पंप वापरत असाल तर ते न विचारता सांगा. चहा-कॉफी बंद. आणीबाणीत रिकाम्या पोटाची अट शिथिल होते, पाण्याबद्दल मात्र स्टाफला विचारा.

औषधांबद्दल एक नाजूक प्रश्न. वाहिन्या फुगाव्यात म्हणून स्कॅनच्या आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा ४८ तासांत त्याच प्रकारचं टाडालाफिल घेतलं असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीला उतरवतात. बायको आणि मुलगा शेजारी उभे असताना 'तसली गोळी घेतली का?' याचं उत्तर कुणी खरं देत नाही. डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारावं, आणि काका, तुम्ही त्यावर खरं सांगावं. कुणी हसत नाही.

किडनीसाठी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी बघतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन सरसकट बंद करायची गरज नाही. किडनी बरीच कमकुवत असेल तरच ती ४८ तास थांबवून, पुन्हा तपासून सुरू करतात. अ‍ॅलर्जीबद्दल एक गैरसमज कोकणात आणि गोव्यात हटकून ऐकू येतो: 'मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, मग आयोडीनचा डाय कसा चालेल?' कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. तेवढ्यावरून सीटी नाकारू नये. पूर्वी याच डायने अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, चक्कर येऊन पडलात, असं काही झालं असेल तर ते महत्त्वाचं. तशा वेळी द्यायच्या स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात, म्हणून आणीबाणीत दुसऱ्या तपासणीचा विचार होतो.

मंगळसूत्र, चेन, हुक असलेले कपडे काढून ठेवायचे. बायका मंगळसूत्र काढायला कचरतात. मनगटाला बांधलं तर अनेक ठिकाणी चालतं, कारण हात डोक्यामागे असतात आणि स्कॅन फक्त छातीचा असतो.

टेबलावर काय होतं

हात डोक्यावर, छातीला तीन-चार ईसीजीचे पॅच, कारण मशीन तुमच्या ठोक्यांच्या तालावर फोटो घेतं. टेक्निशियन आधी श्वास धरण्याची रंगीत तालीम करून घेतात. हिला हलकं समजू नका. बहुतेक जण जोरात, छाती फुगवून श्वास घेतात आणि सातव्या सेकंदाला सोडतात. बेताचा श्वास घ्या, तोंड मिटा, पोट हलू देऊ नका. प्रत्येक वेळी सारखाच श्वास घेतला तर उत्तम. मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज बहुतेक ठिकाणी हिंदीत किंवा इंग्रजीत येतो. आजीला कळणार नसेल तर आधीच सांगा, टेक्निशियन मराठीत सूचना देतील.

पहिला स्कॅन डायशिवाय होतो, कॅल्शियम मोजायला. या मोजणीला अगात्स्टन स्कोअर म्हणतात, १९९० पासून ती वापरात आहे. इथे एक धोक्याची सूचना: तीव्र छातीदुखीत 'कॅल्शियम शून्य' म्हणजे सगळं ठीक असं धरून थांबू नये. वाहिनीच्या भिंतीत साचलेला मऊ, कॅल्शियम नसलेला चरबीचा थरही फुटतो, आणि चाळिशीच्या आसपासच्या माणसांत असाच थर जास्त आढळतो.

मग डाय. हातातून गरम लाट सुरू होते, घशात येते, पोटात उतरते आणि ओटीपोटाशी पोचली की वाटतं लघवी झाली. झालेली नसते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दचकून हलतो, ठोके वाढतात आणि फोटो बिघडतो. श्वास धरायचा काळ दहा-पंधरा सेकंद. सगळं मिळून टेबलावर वेळ जातो तो तयारीतच.

नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. खाज, घशात आवळल्यासारखं, धाप असं काही वाटलं तर त्याच वेळी सांगा.

रेडिएशन किती

आपल्याला नुसतं या पृथ्वीवर राहून, माती, हवा आणि आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन मिळतं. आधुनिक मशीनवर, ठोके संथ असताना, फक्त विसाव्याच्या क्षणी किरण सोडण्याच्या पद्धतीने हृदयाचा सीटी साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्टमध्ये होतो. जुन्या पद्धतीने, सबंध ठोकाभर किरण चालू ठेवून, तोच आकडा दहाच्या पुढे जातो. साठीच्या माणसाला याचं फार ओझं नाही. तिशीतल्या बाईसाठी नक्की विचार करावा.

'एकाच स्कॅनमध्ये हृदय, महाधमनी आणि फुप्फुसं सगळं बघून टाकू' हा आग्रह पुष्कळदा नातेवाइकांचाच असतो. त्याला जास्त डाय आणि जास्त रेडिएशन लागतं आणि कधीकधी तिन्हींपैकी एकही नीट दिसत नाही. पाठीत फाडल्यासारखं दुखत असेल, दोन हातांच्या रक्तदाबात फरक असेल तर महाधमनीचा सीटी. पाय सुजलाय, लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन झालंय, एकदम दम लागलाय तर फुप्फुसाचा. प्रश्न ठरवून स्कॅन मागावा.

रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टच्या शेवटी 'कॅड-रॅड्स' असा शब्द आणि शून्य ते पाच यातला आकडा असतो. ही जगभर वापरली जाणारी पद्धत २०१६ मध्ये आली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. आकडा सगळ्यात अरुंद जागेवरून ठरतो.

शून्य म्हणजे थर नाही, अरुंदपणा नाही. दुखण्याचं कारण इतरत्र शोधायचं, घरी जायचं. एक म्हणजे २५ टक्क्यांपेक्षा कमी अरुंद, दोन म्हणजे २५ ते ४९ टक्के. आजचं दुखणं यामुळे असण्याची शक्यता कमी, त्यामुळे बहुतेक जण घरी जातात. पण 'किरकोळ आहे, काही नाही' म्हणून फाइल कपाटात टाकण्याची चूक इथेच होते. वाहिनीत थर आहे याचा पुरावा तुमच्या हातात आला आहे. स्कॉटलंडमध्ये ४१४६ रुग्णांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात, नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिलेल्यांमध्ये पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अ‍ॅटॅक २.३ टक्के जणांना, तर जोड न दिलेल्यांमध्ये ३.९ टक्के जणांना. ते ओपीडीतले रुग्ण होते, कॅज्युअल्टीतले नव्हेत, पण मुद्दा लागू पडतो: थर दिसल्यावर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनसारखी औषधं योग्य माणसांना सुरू झाली, याचा त्यात मोठा वाटा मानला जातो. तेव्हा एक किंवा दोन आकडा आला तर आठवड्याभरात फिजिशियनला भेटा.

तीन म्हणजे ५० ते ६९ टक्के. हा सगळ्यात अवघड आकडा. अरुंद आहे, पण त्याने रक्तपुरवठा खरंच अडतोय का, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी स्ट्रेस इको किंवा न्यूक्लिअर स्कॅन करतात; जिथे सोय आहे तिथे त्याच सीटीच्या चित्रांवरून संगणकाने अरुंद जागेच्या पुढच्या आणि मागच्या दाबाचं गुणोत्तर काढतात आणि ते ०.८० किंवा त्याखाली असेल तर अडथळा खरा मानतात. तीनचा आकडा बघून त्याच रात्री स्टेंटच्या संमतिपत्रावर सही करण्याची घाई, रुग्ण स्थिर असताना, करू नका. आधी विचारा: रक्तपुरवठा अडतोय याचा पुरावा काय?

चार-ए म्हणजे ७० ते ९९ टक्के. चार-बी म्हणजे डावी मुख्य वाहिनी ५० टक्क्यांहून जास्त किंवा तिन्ही वाहिन्या ७० टक्क्यांहून जास्त अरुंद. पाच म्हणजे पूर्ण बंद. यांत भरती व्हायचं, हृदयरोगतज्ज्ञाने बघायचं, आणि पुढची अँजिओग्राफी बहुधा होतेच.

आकड्यापुढे इंग्रजी 'एचआरपी' ही अक्षरं असतील तर थर धोकादायक प्रकारचा आहे: मऊ, वाहिनीला बाहेर फुगवणारा, ठिपक्याठिपक्यांनी कॅल्शियम असलेला. अशा वेळी दोनचा आकडाही गांभीर्याने घेतात. 'एन' असेल तर एखादा भाग नीट दिसलेला नाही, म्हणजे तिथलं उत्तर मिळालेलं नाही. ते 'नॉर्मल' समजू नका.

रिपोर्टच्या तळाशी फुप्फुसातली छोटी गाठ, जठराचा भाग छातीत सरकलेला, असं काहीबाही लिहिलेलं असतं. घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सोडूही नका. काही वेळा दुखण्याचं खरं उत्तर तिथेच असतं.

सीटी स्वच्छ आला, दुखणं मात्र आहे

असं होतं. अन्ननलिकेतलं आम्ल, बरगड्यांच्या सांध्यांची सूज, अचानक येणारा घबराटीचा झटका. नागिणीत तर पुरळ उठण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून एका बाजूला आग होते आणि सगळे हृदयाच्या मागे लागतात. स्वच्छ सीटीत दोन गोष्टी मात्र दिसत नाहीत: वाहिनीचं आकडीसारखं आकसणं आणि सीटीला न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्यांचा आजार. श्रम केले की पुन्हा पुन्हा तसंच दडपण येत असेल तर 'सीटी नॉर्मल आहे' एवढ्यावर गप्प बसू नका, हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि घरी आल्यावर दडपण, घाम, चक्कर असं पुन्हा झालं तर सीटी कालच झालेला असला तरी परत कॅज्युअल्टीत या; ईसीजी पुन्हा निघेल.

किडनी नाजूक असेल तर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या. निघताना छापील रिपोर्टसोबत स्कॅनची मूळ चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो पुरत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तुलना करायची असेल, तर त्यांना मूळ चित्रंच लागतील.